बळकट सेवकाची भूक

घरकामास गडी बळकट मिळाला म्हणजे घर निर्धास्त झालें, असा एक सार्वत्रिक समज आहे. परंतु जुन्या गृहिणींस त्याबरोबर दुसरी गोष्टही ठाऊक असे. ती ही कीं, गडी जितका बळकट तितकी त्याची भाकरी मोठी. धान्याचीं पोतीं उचलणाऱ्या माणसास लहान मुलाचें ताट वाढलें आणि दुपारीं तो घेरी येऊन खालीं बसला, तर दोष त्या माणसाचा नव्हे. दोष वाढणाराच्या अंदाजाचा. माणसांच्या बाबतींत हा व्यवहार आपणांस सहज उमगतो. यंत्रांच्या बाबतींत मात्र आपण तो विसरतों, आणि यंत्र वाईट, मूल धांदरट, पैसे पाण्यांत गेले, असे तीन निकाल एका दमांत देऊन मोकळे होतों.

हा विषय आम्हीं या महिन्यासाठीं निवडला, त्यास निमित्त भंडाऱ्याहून आलेलें एक पत्र. पत्र लिहिणाऱ्या बाई एका मोठ्या एकत्र कुटुंबांतील थोरल्या सूनबाई आहेत. त्यांची चौदा वर्षांची पुतणी आणि तिचा धाकटा चुलत भाऊ या दोघांजवळ रेडिओच्या लहरींनीं दुरून चालविण्याची एक छोटी गाडी आहे. ही शर्यतींत धांवणारी गाडी नव्हे. दगडधोंड्यांतून हळूहळू वाट काढीत खडकावर चढणें हें हिचें काम; त्या खेळांतले लोक हिला ‘रॉक क्रॉलर’ म्हणतात. गाडीबरोबर आलेलें स्टिअरिंगचें यंत्र अशक्त वाटूं लागलें, तेव्हां दोघांनीं दिवाळीचे पैसे सांठवून त्याच्या दुप्पट जोराचें यंत्र आणविलें आणि मुलीनें तें स्वतःच्या हातानें बसविलें. अंगणांत गाडी उत्तम वळली. परंतु सुटींत तुमसरजवळच्या आंबागडच्या डोंगरावर नेली, तेव्हां निराळेंच घडलें. दगडांच्या फटींत चाक अडकून तें जोरानें वळविण्याचा प्रसंग आला कीं गाडी एकाएकीं निष्प्राण होई. क्षणभरानें चाकें उगाच एक झटका देत. आणि मग कांहीं झालेंच नाहीं अशा थाटांत गाडी पुन्हां चालूं लागे. एकदां तर ती उतारावरून घरंगळत खालीं आली. घरीं परतल्यावर आजोबांचें मत पडलें कीं वस्तु फसवी आहे. काकांचें पडलें कीं मुलीनें तारा चुकीच्या जोडल्या. आणि आजी म्हणाल्या कीं हा नादच पुरे. मुलीनें तारा तीन वेळां तपासल्या, तिला चूक सांपडली नाहीं. तिच्यावरचा आळ खरा कीं खोटा, एवढेंच बाईंनीं आम्हांस विचारलें आहे.

हा प्रश्न आम्हांस केवळ खेळण्याचा वाटत नाहीं. हाताला वळण नाहीं, असा शिक्का घरांत एखाद्या मुलावर एकदां बसला म्हणजे तो पुसण्यास वर्षें लागतात. कित्येकदां तो पुसलाच जात नाहीं, आणि तें मूल पुन्हां कधीं पक्कड हातांत धरीत नाहीं. म्हणून निकाल देण्यापूर्वीं यंत्राची साक्ष नीट घेतली पाहिजे.

ज्या यंत्रानें या गाडीचीं पुढचीं चाकें वळतात त्याचें नांव ‘सर्व्हो’. दास किंवा सेवक या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून हें नांव निघालें आहे. फ्रान्समधील जोसेफ फार्को या यंत्रज्ञानें १८७३ मध्यें अशा सेवक-यंत्रावर एक ग्रंथच प्रसिद्ध केला. आणि मौजेची गोष्ट अशी कीं, त्या मूळ यंत्राचें कामही वळविण्याचेंच होतें. मोठ्या जहाजाचें सुकाणू माणसाच्या हातांनीं वळेनासें झालें, तेव्हां तें वाफेच्या बळानें वळविण्यासाठीं त्याचा जन्म झाला. इंग्लंडांत जॉन मॅकफार्लेन ग्रे यानें त्याच सुमारास ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजावर वाफेचें सुकाणू-यंत्र बसविलें होतें. हेंच जहाज १८७० मध्यें मुंबईस आलें आणि मुंबईपासून एडनपर्यंत समुद्राच्या तळाशीं तारायंत्राची तार टाकीत गेलें. म्हणजे या सेवकाच्या पूर्वजाची आणि महाराष्ट्राची ओळख दीडशें वर्षांची आहे.

या सेवकाचा विशेष नुसत्या बळांत नाहीं. सांगितलें तितकेंच वळावें आणि तेथें थांबावें, हा त्याचा खरा गुण. आजचा सर्व्हो काडेपेटीहून थोडी जाड अशी एक पेटी असते. तिच्यांत एक लहान मोटर, तिची गति कमी करून जोर वाढविणारीं दांतेरी चक्रें, बाहेरचा दांडा या क्षणीं किती वळला आहे हें सांगणारा एक मापक आणि या सर्वांवर देखरेख करणारें लहानसें मंडल असतें. पेटींतून तीन तारा बाहेर येतात. लाल तार धन विजेची, काळी किंवा तपकिरी ऋण विजेची, आणि पांढरी, पिवळी किंवा नारिंगी तार हुकुमाची. गाडींतील रिसीव्हर हुकुमाच्या तारेवरून सेकंदाला साधारणतः पन्नास वेळां विजेची एक लहान टिचकी पाठवितो. टिचकी एक सहस्रांश सेकंद टिकली तर एका टोकाला वळ, दीड सहस्रांश टिकली तर मध्यावर राहा, दोन सहस्रांश टिकली तर दुसऱ्या टोकाला वळ, अशी त्यांची भाषा. हुकूम काय आहे आणि दांडा कोठें आहे या दोहोंत जोंपर्यंत अंतर आहे, तोंपर्यंत मोटर रेटा देतच राहते.

हें शेवटचें वाक्य आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, कारण सारें रहस्य त्यांत आहे. चाक मोकळें असेल तर अंतर क्षणार्धांत मिटतें आणि सेवक विसांवा घेतो. चाक दोन दगडांच्या चिमट्यांत सांपडलें असेल तर अंतर मिटतच नाहीं. आणि हा स्वामिनिष्ठ सेवक कोणी ‘पुरे’ म्हणेपर्यंत सर्व बळानिशीं रेटीत बसतो. रॉक क्रॉलरवर हा प्रसंग वारंवार येतो. या गाडीचीं डावींउजवीं चाकें बहुधा एकमेकांशीं पक्कीं जखडलेलीं असतात, म्हणजे एक चाक हवेंत राहिलें तरी दुसरें दगडाला धरून चढतें. चढण्यास हें सोयीचें, पण वळण्यास जड. कारण वळतांना एका चाकाला घसटत जावें लागतें. त्यांत मऊ रबराचे टायर दगडाला चिकटून बसतात. म्हणून या खेळांत बळकट सर्व्हो हा नुसता डौल नसून गरज आहे. मुलांनीं तो घेतला यांत त्यांची समजूत बरोबरच होती.

सर्व्होचें बळ किलोग्रॅम-सेंटिमीटर या मापानें सांगतात. २५ किलोचा सर्व्हो म्हणजे त्याच्या दांड्यावर एक सेंटिमीटर लांबीचा हात बसविला तर त्या हाताच्या टोकाला २५ किलोचा जोर मिळेल. हात अडीच सेंटिमीटरांचा केला तर १० किलोचाच मिळेल. उखळ-मुसळाच्या आणि रहाटाच्या काळापासून आपल्या घरांना हा हिशेब ठाऊक आहे. आतां हें बळ फुकट येत नाहीं. अशा सर्व्होची मोटर मोकळी वळतांना एका अँपिअरहून कमी प्रवाहावर भागविते. पण अडकून रेटूं लागली कीं तिला तीन ते पांच अँपिअर लागतात, आणि याहून मोठ्या सर्व्होला आणखीही. सात व्होल्टांच्या आसपास चार अँपिअर म्हणजे जवळजवळ तीस वॅट झाले. चाक हलत नसल्यामुळें त्या तीस वॅटांतून काम तर कांहींच होत नाहीं. सारी उष्णता त्या काडेपेटीएवढ्या जागेंत सांठते. अडकलेला सर्व्हो हाताला चटका देतो तो याचमुळें.

आतां या सेवकाचें अन्न कोणत्या वाटेनें येतें तें पाहूं. गाडींत बॅटरी एकच. तिची वीज प्रथम मोटरचा वेग कमीजास्त करणाऱ्या यंत्राकडे जाते. त्याला खेळाडू ई. एस. सी. म्हणतात. त्याच्याच पोटांत बी. ई. सी. नांवाचा एक लहान भाग असतो. बॅटरीचा दाब उतरवून पांच-सहा व्होल्टांवर आणावयाचा आणि तो रिसीव्हरला द्यावयाचा, हें त्याचें काम. रिसीव्हर त्यांतलाच वांटा सर्व्होला देतो. म्हणजे हुकूम देणारा कारकून आणि ओझें उचलणारा गडी असे दोघेही एकाच ताटांत जेवतात. सर्वसाधारण गाड्यांत या बी. ई. सी.ची ताकद दोन-तीन अँपिअरांची असते. गाडीबरोबर आलेल्या मूळ सर्व्होला ती पुरत होती. मुलांनीं गडी बदलला; ताट तेंच राहिलें.

मग आंबागडावर घडलें तें असें. चाक अडलें, सर्व्होनें चार-पांच अँपिअर ओढले, बी. ई. सी.च्यानें तितकें देववेना, आणि दाब कोसळला. विहिरीवरचा पंप सुरू होतांच गोळ्याचे दिवे क्षणभर पिवळे पडतात, हें आपल्याकडील खेड्यांत लहानथोरांनीं पाहिलें आहे. तोच हा प्रकार. दिवा नुसता मंद होतो, पण रिसीव्हर मंद होऊं शकत नाहीं. दाब ठराविक मर्यादेखालीं गेला कीं तो बंदच पडतो. कारकुनाला मूर्च्छा आली कीं हुकूम येणें थांबतें. चालवणारी मोटर थांबते. सर्व्होही रेटा सोडतो. रेटा सुटला कीं दाब पुन्हां चढतो, रिसीव्हर जागा होतो, चाकें एक झटका देतात, आणि गाडी निर्दोष मुद्रेनें चालूं लागते. अंगणांत हें घडलें नाहीं, कारण अंगणांत चाक अडलेंच नव्हतें. सपाट जमिनीवरील परीक्षेंत उत्तीर्ण झालेली गाडी खडकावर कां नापास होते, याचें उत्तर हें आहे.

तथापि आमच्या तर्कावर घरानें विश्वास ठेवावा असा आमचा आग्रह नाहीं. डोळ्यांनीं पाहण्याची सोय आहे. साधा मल्टिमीटर घ्यावा. चालवणाऱ्या मोटरच्या तारा सोडवून ठेवाव्या, म्हणजे गाडी हातांतून पळणार नाहीं. रिसीव्हरवरील एखाद्या रिकाम्या जागीं धन आणि ऋण या दोन खिळ्यांना मीटरच्या सुया लावाव्या आणि दाब वाचावा. मग पुढचें चाक दोन विटांमध्यें घट्ट बसवून रिमोटनें पूर्ण वळविण्याचा हुकूम द्यावा. हुकूम दोन सेकंदांहून अधिक धरूं नये. आंकडा सहावरून पांचाच्या खालीं उतरला किंवा रिसीव्हरचा दिवा विझून पुन्हां लागला, तर अपराधी सांपडला. मीटर सावकाश वाचतो, त्यामुळें तो दाखवितो त्याहून खरी घसरण बहुधा मोठीच असते. उलट आंकडा जागचा न हलतां गाडी बंद पडत असेल, तर मात्र सैल बसलेला जोड किंवा आंतून तुटलेली तार शोधावी. काकांचा संशय तपासून पाहण्याची ती जागा आहे, आणि तोही प्रामाणिकपणें तपासावा.

दुसरी एक गळती दिसत नाहीं, पण मोजतां येते. सर्व्होच्या तारा जितक्या बारीक आणि जितक्या लांब तितका दाब वाटेंतच मुरतो. २६ गेजची तांब्याची तार ३० सेंटिमीटर लांब असली, तर जाऊन-येऊन ६० सेंटिमीटर होते आणि चार अँपिअरांच्या प्रवाहांत सुमारें एक तृतीयांश व्होल्ट खाते. तीच तार २० गेजची घेतली तर हें नुकसान एक दशांश व्होल्टाच्याही आंत येतें. गेजचा आंकडा जसा वाढतो तशी तार बारीक होते, हें नवशिक्यांनीं विसरूं नये. कित्येक जण रिसीव्हरवर एक कपॅसिटर बसवून हा रोग बरा करूं पाहतात. कपॅसिटर म्हणजे माठांत भरून ठेवलेलें पाणी. पाहुणा घोटभर प्याला तर माठ पुरतो. विहीरच आटली असेल तर माठानें काय होणार? क्षणिक उचकीवर तो उपाय आहे, अडकून राहिलेल्या चाकावर नाहीं.

खरा उपाय असा कीं, गड्याचें ताट निराळें मांडावें. बाजारांत स्वतंत्र बी. ई. सी. मिळतो. सर्व्होचा अडकलेल्या स्थितींतील प्रवाह त्याच्या कागदावर छापलेला असतो. त्याच्या दीडपट ते दुप्पट सतत देऊं शकेल असा बी. ई. सी. घ्यावा. त्याचा दाब सर्व्होवर लिहिलेल्या मर्यादेंत ठरवावा, आणि जोडण्यापूर्वीं मीटरनें मोजून खात्री करावी. त्याच्या आंत येणाऱ्या तारा बॅटरीच्या मुख्य तारांना ई. एस. सी.च्या अलीकडे जोडाव्या. बाहेर जाणाऱ्यांपैकीं धन तार थेट सर्व्होच्या लाल तारेस आणि ऋण तार सर्व्होच्या काळ्या तारेस जोडावी. हुकुमाची तार मात्र पूर्वींप्रमाणें रिसीव्हरकडूनच यावी.

येथें दोन सूक्ष्म गोष्टी आहेत, आणि चांगल्या चांगल्या हातांची चूक येथेंच होते. पहिली ही कीं, रिसीव्हरकडून सर्व्होकडे येणारी लाल तार तोडलीच पाहिजे. ती तशीच राहिली तर दोन बी. ई. सी. एकमेकांशीं जोडले जातात. दोघांचा दाब तंतोतंत सारखा कधींच नसतो, आणि मग एक दुसऱ्याला ढकलूं लागतो. यासाठीं सर्व्होची मूळ तार कापूं नये. मध्यें एक आंखूड जोड-तार घालावी आणि तिच्या प्लॅस्टिकच्या टोंकांतून लाल पिन सुईनें हळूच उचलून काढावी, आणि ती उघडी न ठेवतां गुंडाळावी. दुसरी गोष्ट याच्या बरोबर उलट आहे. ऋण तार तोडतां कामा नये. रिसीव्हर, नवा बी. ई. सी. आणि सर्व्हो या तिघांची ऋण बाजू एकच असली पाहिजे. हुकुमाची टिचकी किती उंच आहे हें कोणत्या तरी जमिनीवरून मोजावें लागतें. दोघांची जमीन निराळी झाली तर रिसीव्हरनें सांगितलेलें सर्व्होला समजतच नाहीं. तो थरथरतो किंवा गप्प बसतो. एकत्र कुटुंबांतील वाचकांस आम्हीं हें अधिक फोडून सांगावयास नको. चुली दोन झाल्या तरी चालतें, पायाखालची जमीन एक असावी लागते.

जोड पक्के हवेत. या बाबतींत भंडाऱ्याच्या मुलांना बाहेरगांवच्या गुरूची गरज नसावी. पितळेच्या भांड्यांसाठीं हें गांव प्रसिद्ध आहे, आणि डाख व कल्हई हे दोन शब्द तेथील कारागिरांच्या घरीं मुलें बोलावयास लागल्यापासून ऐकतात. तारेचा जोडही त्याच न्यायानें करावयाचा. दोन्ही टोंकें स्वच्छ करावीं, प्रत्येकावर आधीं कथिलाचा पातळ लेप चढवावा, आणि मग दोन्ही एकत्र तापवून डाख वाहूं द्यावा. डाख तारेच्या उष्णतेनें वितळला पाहिजे. नुसत्या कैयेच्या टोंकावरून थेंब टाकून झांकलेला जोड वरून चकचकीत दिसतो आणि पहिल्या हिसक्याला सुटतो. साध्या डाखांत शिसें असतें, म्हणून काम झाल्यावर हात साबणानें धुतल्याखेरीज कोणी खाण्याच्या वस्तूला शिवूं नये.

कांहीं सर्व्हो थेट बॅटरीवर चालतील असे बनविलेले असतात; त्यांना बी. ई. सी. लागत नाहीं. परंतु कागद वाचल्याशिवाय हा मार्ग धरूं नये. दोन घटांची लिथियम बॅटरी ७.४ व्होल्टांची म्हणतात, पण पूर्ण भरल्यावर ती ८.४ व्होल्ट देते. तीन घटांची ११.१ ची म्हणतात, ती १२.६ देते. सर्व्होची मर्यादा या वरच्या आंकड्याशीं ताडून पाहावी. शिवाय असा थेट जोडलेला सर्व्हो, आणि आम्हीं वर सांगितलेला स्वतंत्र बी. ई. सी. देखील, ई. एस. सी.चें बटण बंद केल्यानें बंद होत नाहीं. बॅटरी उतरली म्हणजे ई. एस. सी. मोटर थांबवितो, पण हा सेवक आपला घोट घेतच राहतो. एका घटाचा दाब तीन व्होल्टांखालीं गेला कीं तो घट कायमचा बिघडतो. म्हणून खेळ संपतांच बॅटरी गाडींतून बाहेर काढावी, हा नियम घरांत देव्हाऱ्यांतील दिवा शांत करण्याइतका नित्याचा व्हावा. लिथियमची बॅटरी भरतांना ती फरशीवर ठेवावी, पडदे, कागद आणि गाद्या यांपासून दूर ठेवावी आणि कोणीतरी जागें व जवळ असावें. फुगलेली बॅटरी पुन्हां भरूं नये; तिची आग पाण्याच्या तांब्यानें विझत नाहीं.

विजेची व्यवस्था लागली तरी सेवकाला नाहक राबवूं नये. सर्व्होवरचा हात बसविण्यापूर्वीं गाडी सुरू करून तो मध्यावर आणावा, आणि मग हात काटकोनांत बसवावा. हात काढून चाकें बोटांनीं वळवून पाहावीं. कोठें अडत असतील तर तो अडथळा आधीं दूर करावा. रिमोटवर दोन्ही बाजूंची शेवटची मर्यादा ठरवितां येते. चाकें टोंकाला गेल्यावर सर्व्हो गुणगुणत राहिला तर समजावें कीं तो लोखंडाशीं कुस्ती खेळत आहे; गुणगुण थांबेपर्यंत मर्यादा आंत घ्यावी. रिसीव्हर कधीं बंद पडलाच, तर मोटर थांबावी अशी सुरक्षित स्थिति बहुतेक नव्या रिमोटांत ठरवून ठेवतां येते, तीही ठरवावी. आणि चालविणारानें एक जुनी रीत पाळावी. आतांसारखें हलकें स्टिअरिंग नव्हतें तेव्हांचे मोटार हांकणारे उभ्या गाडीचें चाक कधीं वळवीत नसत. गाडी बोटभर हलवून मग वळवीत. खडकावर अडलेल्या गाडीलाही तीच रीत लागू आहे. चार अँपिअरांचें काम त्यामुळें एका अँपिअरांत होतें.

या सर्वांतून जें एक तत्त्व निघतें तें या खेळण्यापुरतें नाहीं. हुकूम आणि बळ या दोन निराळ्या वस्तु आहेत आणि त्यांच्या वाटा निराळ्या असाव्या. मुलीच्या हातांतील रिमोट हवेंत जी शक्ति पाठवितो ती एक दशांश वॅटाच्या आसपास. अडकलेला सर्व्हो खातो तीस वॅट. म्हणजे हुकुमाच्या तीनशेंपट बळ. पुष्कळ रिमोट साध्या सुक्या सेलांवर चालतात, आणि त्या सेलांत मँगेनीज डायऑक्साइड असतें. भंडारा जिल्ह्यांतीलच डोंगरी बुजुर्ग येथील मॉइलच्या खाणींतून सुक्या बॅटरीच्या धंद्याला लागणारें असें खनिज निघतें. आंबागडावर खेळणाऱ्या त्या मुलांच्या हातीं त्यांच्याच जिल्ह्यांतील मातीचा एखादा कण असणें अगदींच अशक्य नाहीं. हुकुमाला तेवढें पुरतें. ओझ्याला पुरत नाहीं.

निकोला टेस्ला यानें १८९८ मध्यें न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें बिनतारी लहरींनीं एक छोटी नौका हांकून दाखविली, तेव्हां पाहणारे थक्क झाले. लहरींच्या जोरानें नौका वळते, असें कोणास वाटलें असेल. परंतु लहर फक्त खूण करी, सुकाणू वळविण्याचें बळ नौकेच्या पोटांतील बॅटरी देई. २०२१ मध्यें मंगळावर उतरलेल्या ‘पर्सिव्हिअरन्स’ गाडीला सहा चाकें आहेत, आणि तिच्या चार कोपऱ्यांवरील चाकांना वळविण्यासाठीं स्वतंत्र मोटरी आहेत. हुकूम पृथ्वीवरून जातो, बळ गाडीवरच असतें. २३ ऑगस्ट २०२३ रोजीं चंद्रावर उतरलेल्या आपल्या चंद्रयानाच्या ‘प्रज्ञान’ गाडीला तर वळणारीं चाकेंच नव्हतीं. डाव्या आणि उजव्या बाजूंच्या चाकांची चाल कमीअधिक करून ती वळे, आणि तिचें अन्न तिच्याच अंगावरील सौर पत्रा पुरवी. मोठ्या यंत्रज्ञांनीं जें लक्षावधि मैलांवर पाळलें, तेंच भंडाऱ्याच्या अंगणांतील गाडीला पाळावयाचें आहे.

आतां निकाल. मुलीनें कळविलेली जोडणी सदोष नाहीं. तारा ज्या रंगाच्या ज्या जागीं असावयास हव्या त्या तेथेंच आहेत. नवा सर्व्हो फसवा असल्याचाही पुरावा नाहीं. उलट तो पुरें बळ लावतो, म्हणूनच बी. ई. सी. थकतो. उणें पडला तो एक हिशेब, आणि तो हिशेब चौदा वर्षांच्या मुलीनें आपण होऊन करावा अशी अपेक्षा करण्यापूर्वीं घरांतील किती वडिलांस तो आला असता, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं पाहावें. अधिक बळाची वस्तु घरांत आणली कीं तिच्यामागची सारी व्यवस्था पुन्हां मोजावी लागते. मग ती वस्तु पिठाची गिरणी असो, पाण्याचा पंप असो कीं हातभर गाडी असो. जुन्या वायरीवर नवें गीझर बसवून भिंत तापविणारीं घरें आपल्या आसपास थोडीं नाहींत, आणि त्यांना कोणी धांदरट म्हणत नाहीं.

आमची सूचना एवढीच कीं, दुसरी महाग वस्तु आणण्यापूर्वीं आणि नाद सोडविण्यापूर्वीं एका रविवारीं मल्टिमीटर मांडावा. मीटर मुलीच्या हातीं असावा, रिमोट धाकट्या भावाच्या, विटा काकांनीं धराव्या आणि आंकडा आजोबांनीं मोठ्यानें वाचावा. प्रथम जुनी जोडणी, मग नवी. दोन्ही आंकडे एका कागदावर लिहून ठेवावे. तर्क चुकला असेल तर तेंही त्याच कागदावर दिसेल. आळ उतरविण्यास दहा शब्दांपेक्षां एक आंकडा बरा, आणि तो साऱ्या घरादेखत वाचलेला असला म्हणजे पुन्हां कोणास बोलण्यास जागा राहत नाहीं.